घरातलं चालणं धरायचं नाही

मला हार्ट अटॅक आला तेव्हा मी माशाच्या कालवणाचं वाटप काढत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या आळीत ही हकीकत वेगळी सांगितली जाते, आणि ती तशी सांगणारा माणूस माझ्याच घरात राहतो.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार होता. माझी नणंद आदल्या संध्याकाळी डोंबिवलीहून आमच्याकडे रत्नागिरीला आली होती. बरोबर तिचा मुलगा, सून आणि सुनेचे आईवडील. त्या मंडळींना गणपतीपुळ्याला जाऊन यायचं होतं आणि परत आल्यावर ताज्या मासळीचं जेवण हवं होतं. नवऱ्याने सकाळीच मिरकरवाड्यातून सुरमई आणली, ओट्यावर ठेवली आणि "साफ करूनच आणलीय हं" असं मोठे उपकार केल्यासारखं सांगितलं. मी नवऱ्याला इथे नवराच म्हणणार आहे. चारचौघांत मी 'हे' म्हणते, पण लिहिताना तेवढा आदर आणणं मला जमायचं नाही.

मिक्सरमध्ये खोबरं घालत असताना डाव्या खांद्याच्या मागे दुखायला लागलं. कोणीतरी अंगठा रोवून ठेवावा तसं. मग ते दुखणं वर जबड्यात आलं आणि खालचे दात ठणकायला लागले. छातीत म्हणाल तर विशेष काही नव्हतं, म्हणून मलाही नीट उमगलं नाही. घाम मात्र असा सुटला की ब्लाउज पाठीला चिकटला. मी हात पुसून पडवीत गेले. नवरा पेपर वाचत बसला होता.

"अहो, मला बरं वाटत नाहीये. जबडा दुखतोय. घाम बघा किती आलाय."

"पित्त असेल," तो पेपराआडून म्हणाला. "सकाळी काही खाल्लंस का?"

"खाल्लंय."

"मग अपचन असेल. लिंबू पिळून सोडा घे. ती मंडळी येतीलच एवढ्यात."

सोडा त्यानेच करून आणला, हे खरं आहे. ग्लास माझ्या हातात दिला आणि विचारलं, "भात लावलायस ना?"

मी भात लावला. कालवणाला फोडणी दिली, तुकड्या तळल्या, सोलकढी केली. मंडळी आली, हात धुऊन बसली. मी पानं वाढली. मधूनमधून ओट्याला टेकत होते. नणंदेने एकदा विचारलं, "वहिनी, चेहरा असा का दिसतोय?" मी म्हटलं, पित्त झालंय. मला तसंच सांगण्यात आलं होतं. सुनेचे वडील पुन्हा पुन्हा कालवण मागत होते. त्यांना वाढायला वाकले आणि पळी हातातून सुटली. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि तिथेच ओकले.

नणंदेची सून मला तोवर जेमतेम दोनदा भेटली होती. ती ताटावरून उठली, खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हाताने माझी नाडी बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, गाडी काढा. आत्ता."

नवरा म्हणाला, "अगं, जेवण तर होऊ दे सगळ्यांचं."

हे वाक्य मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

गाडी शेवटी नणंदेच्या मुलाने काढली. रत्नागिरीत कार्डिओग्राम झाला, इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेतून कोल्हापूरला पाठवलं. हातखंब्यापर्यंत रस्ता खणून ठेवलेला होता. प्रत्येक खड्ड्याला मला वाटत होतं, आता संपलं. पुढे आंब्याचा घाट. नवरा समोरच्या बाकड्यावर बसून घरी फोन करत होता. मासे फ्रीजमध्ये ठेवा, असं सांगत होता.

कोल्हापुरात हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झालेली निघाली. तिथे स्टेंट घातला. दोन दिवसांनी एक फिजिओथेरपीवाली मुलगी आली. कोल्हापूरकडचीच, मोठ्या आवाजाची. "मावशी, उठा बघू. झोपून बरं वाटत नसतंय." तिने मला धरून कॉरिडॉरमधून चालवलं. मधेच विचारलं, "माझ्याशी बोलत चालता येतंय का? मग वेग बरोबर आहे. धाप लागून बोलता येईना झालं की समजायचं, जास्त झालं." छातीत किंवा जबड्यात दुखलं तर थांबायचं, बसायचं, जिभेखाली गोळी ठेवायची. सपाट रस्त्याने चालायचं, सुरुवातीला चढ घ्यायचा नाही. वजन उचलायचं नाही. मी सगळं ऐकून घेतलं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा नवरा माझ्या बाजूने बोलावं तसं बोलला.

"घरी भरपूर चालते हो ती. सकाळपासून रात्रीपर्यंत आत-बाहेर चालूच असतं तिचं. वेगळं चालायला कशाला पाहिजे?"

"घरातलं चालणं धरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "ते व्यायामात येत नाही. सलग, एका लयीत आणि रिकाम्या हातांनी चालायचं. रोज. याला औषधच समजा."

डॉक्टरांचं शास्त्र बरोबरच असणार. पण परतीच्या वाटेवर मला त्या वाक्याचा इतका राग आला की घाटातली झाडं दिसेनाशी झाली. मी मालगुंडच्या पलीकडे एका वाडीत प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. एस.टी.तून उतरलं की कातळावरून वाडीपर्यंत चालायचं, संध्याकाळी तसंच परत. घरी आलं की सासू-सासऱ्यांचं करायचं, विहिरीचं पाणी आणायचं, मुलाचा अभ्यास घ्यायचा, मागच्या आगरात माडांना शिंपण करायचं. सगळं चालूनच केलं. त्यातलं काहीही धरायचं नाही. माझ्या हृदयाने त्यातलं काही जमेला घेतलं नव्हतं. चाललेली सगळी वर्षं दुसऱ्यांच्या कामी आली आणि मला म्हणून काही उरलं नाही, असं ते होतं.

नणंद मदतीला म्हणून राहिली. मुलगा-सून आणि व्याही-विहीण परत गेली, पण ही म्हणाली, "दादाचे हाल होतील." माझे नव्हे, दादाचे. पहिला आठवडा तिने स्वयंपाक केला आणि तो कोणकोणत्या दुखण्यांवर मात करून केला ते रोज फोनवर डोंबिवलीला कळवलं. त्यानंतर तिच्या गुडघ्यांनी डोकं वर काढलं. मी भाज्या चिरण्यापासून सुरुवात केली, मग पोळ्यांवर आले. मुंबईचा माझा मुलगा रोज फोन करायचा, "आई, आराम करतेयस ना?" माझ्या मागे फोन घ्यायला त्याची आत्या उभी असायची, म्हणून मी हो म्हणायचे.

चालणं मी चुकवलं नाही. आधी पडवीपासून फाटकापर्यंत, मग आळीच्या टोकापर्यंत. त्यानंतर मोठा रस्ता. रत्नागिरीत हृदयाच्या पेशंटने चालावं कुठे, हा प्रश्नच आहे. इथला रस्ता एकतर बंदराकडे उतरतो, नाहीतर कुठल्यातरी माळावर चढतो. त्यातल्या त्यात थिबा पॅलेसच्या अंगाचा रस्ता बराचसा सपाट. सुदैवाने आमची आळी त्याच बाजूला आहे. सकाळी चहा-गोळ्या झाल्या की मी तिथे जायचे.

सुरुवातीला नवरा सोबत यायचा. त्यासाठी त्याने मारुती मंदिराजवळच्या दुकानातून बूट आणले, पांढरे, मऊ तळव्यांचे. स्वतःसाठी. मी शाळेच्या दिवसांतल्या सँडल घालून चालत होते. "तुला सवय आहे ना त्यांची," तो म्हणाला. आणि तो पुढे चालायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवाला गेलो तेव्हापासून तो पुढेच चालतोय. मधे वळून म्हणायचा, "चल, चल, हळू पडतेयस." चालताना बोलता आलं पाहिजे, असं त्या मुलीने सांगितलं होतं. बोलणार कोणाशी? त्याच्या पाठीशी?

रस्त्यावरची माणसं वेगळीच. कोकणात कोणी दिसलं की "कुठे निघालात?" हे विचारावंच लागतं, त्याशिवाय विचारणाऱ्याला पुढे जाता येत नाही. मी सांगायचे, "चालायला."

"ते झालं. पण कुठे?"

"कुठे नाही. नुसतं चालायला."

की लगेच भुवया वर जायच्या. नवरा बरोबर असला तर ठीक. कधी तो घरी राहिला आणि मी एकटी असले, तर एकीने हळूच विचारलंही, "घरात काही झालं नाही ना?" बाईमाणूस कारण नसताना सकाळी रस्त्यावर हात हलवत फिरतंय, म्हणजे एकतर भांडण नाहीतर वेड. पुरुष फिरत असतात तेव्हा कोणी विचारत नाही. ते फिरायलाच आलेले असतात.

काही दिवसांनी नवऱ्याचा उत्साह ओसरला. तो वळणावरच्या चहाच्या टपरीपर्यंत यायचा आणि तिथल्या बाकड्यावर बसायचा. त्याच्यासारखेच रिटायर झालेले दोन-तीन जण तिथे असत. मी पुढे जाऊन परत येईपर्यंत त्यांचा चहा आणि राजकारण चालायचं. माझी काही तक्रार नव्हती. पाठ दिसायची ती दिसेनाशी झाली होती.

एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर वळले. टपरीच्या मागच्या अंगाने आले, म्हणून त्यांना मी दिसले नाही. नवरा सांगत होता.

"मी बघताक्षणीच ओळखलं. म्हटलं, हे पित्तबित्त नाही, हे हृदयाचंच. जेवणारी माणसं ताटावर, पण मी म्हटलं, राहू दे जेवण, गाडी काढा. जरा उशीर झाला असता ना, तर आज बाई दिसली नसती."

मी पुढे झाले. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ मला बघून म्हणाले, "वहिनी, नशीबवान आहात हो. असा सावध माणूस मिळायला भाग्य लागतं."

माझ्या छातीत काही दुखत नव्हतं. आवाजही चढलेला नव्हता. वर्गात पाढे म्हणून घेताना लागतो तसा साधा आवाज होता.

"मला यांनी सोडा दिला," मी म्हटलं. "पित्त आहे म्हणाले. मग मी भात लावला आणि सगळ्यांना वाढलं. गाडी काढा असं नणंदेची सून म्हणाली. हे म्हणाले, जेवण होऊ दे सगळ्यांचं."

टपरीवाला चहा गाळत होता, तो थांबला. बँकवाले कपाकडे बघायला लागले. नवरा हसला. त्याचं ते हसू मला अजून दिसतं.

"औषधांनी चिडचिड होते तिची," तो त्यांना म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंच होतं, स्वभावात फरक पडेल म्हणून."

डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. मी तिथे उभी राहिले नाही. घरी येईपर्यंत मी वेग वाढवला नाही. मनात स्वतःशी बोलून बघत होते, धाप लागतेय का. नव्हती लागत. संतापाने मला काही झालं नाही, हे त्या दिवशी कळलं.

तो मागोमाग आला आणि फाटक लावायच्या आधीच सुरू झाला.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"खोटं बोलले का?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. माणसांसमोर काय बोलावं याची काही रीत असते."

"मग तुम्ही काय बोलत होतात माणसांसमोर?"

नणंद दारात येऊन उभी राहिली. "वहिनी, दादाने तुमच्यासाठी किती धावपळ केली. कोल्हापूरला रात्री खुर्चीवर बसून काढल्या त्याने."

"काढल्या," मी म्हटलं. "ते मी नाही म्हणत नाही."

त्यानंतर तो माझ्याबरोबर यायचा बंद झाला. चहाला जायचा, पण मी परतल्यावर.

मी एकटी निघायला लागले आणि तिथून पिशव्यांचं प्रकरण सुरू झालं. पहिल्यांदा नणंद म्हणाली, "वहिनी, निघालातच आहात तर कोथिंबीर आणाल का?" कोथिंबिरीचं काही वाटलं नाही. मग नारळ. मग दुधाच्या पिशव्या, कारण दूधवाला दांड्या मारायला लागला होता. मग नवऱ्याची बी.पी.ची गोळी, इस्त्रीचे कपडे, रेशनच्या दुकानात जरा डोकावणं. चालायला जाणं हे हळूहळू बाजाराला जाणं झालं. मी एकदा म्हटलं, "वन्सं, डॉक्टरांनी हात रिकामे ठेवायला सांगितलेत."

"एवढंसं तर सामान. शाळेवर जाताना दोन-दोन पिशव्या न्यायचात ना? आणि नुसतं रिकामं फिरून काय करायचं? वेळ वाया."

नवरा आतून म्हणाला, "तेवढाच हातालाही व्यायाम."

मी नेत राहिले, याला आणखी एक कारण होतं आणि ते मला आवडत नाही, पण आहे. हातात पिशवी असली की रस्त्यावर कोणी कुठे निघालात म्हणून टोकत नव्हतं. पिशवीकडे बघितलं की त्यांना उत्तर मिळायचं. बाई कामाला निघालीय, म्हणजे सगळं ठीक आहे.

संक्रांत होऊन गेली होती. नणंदेला घावने खायचे होते. डोंबिवलीत असे तांदूळ मिळत नाहीत आणि पाकिटातलं पीठ चालत नाही, असं तिचं म्हणणं. आदल्या दिवशी मीच तांदूळ धुऊन वाळवले होते. गिरण उताराच्या खाली आहे. जाताना घाटी उतरायची आणि दळण घेऊन येताना चढायची. मी म्हटलं, "आज हे घेऊन येतील का?" नवरा म्हणाला, "माझी कंबर धरलीय. तू जातेच आहेस ना तिकडे?" मी तिकडे जात नव्हते. मी सपाट रस्त्याने जात होते.

तरी गेले. गिरणीवर गर्दी होती, बराच वेळ उभी राहिले. गरम पिठाची पिशवी खांद्याला लावून घाटी चढायला लागले. निम्म्यावर आले आणि खांद्यामागे तोच अंगठा रोवला. मी लगेच ओळखलं. मग जबडा.

रस्त्याच्या कडेला जांभ्या दगडाचा गडगा होता, कंबरेएवढा. पिशवी त्यावर ठेवली आणि शेजारी टेकले. ब्लाउजमध्ये छोटं पाकीट असायचं, त्यातली गोळी काढताना बोटं वळेनात. एक पडली. दुसरी जिभेखाली ठेवली. ओळखीतला एक जण स्कूटरवरून खाली चालला होता, त्याने हॉर्न दिला आणि ओरडून विचारलं, "काय, दमलात?" मी मान हलवली आणि तो गेला. मी त्याला थांब म्हणू शकले असते, पण तोंडात गोळी होती आणि अंगात भीती.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात, मुलंबाळं आठवतात. मला यांतलं कोणीही आठवलं नाही. माझ्या मनात एकच होतं, की आता मी मेले तर घावन्यांच्या पिठासाठी मेले. लोक येतील, पिशवी घरी पोचवतील आणि पीठ वाया जाऊ नये म्हणून तेराव्याच्या आत कोणीतरी घावने घालेल. मला मरणाची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त संताप येत होता.

दुखणं हळूहळू ओसरलं. मी तशीच बसून राहिले. श्वास जागेवर आला, घाम वाळला. मग उठले, पिशवीकडे बघितलं आणि ती तिथेच ठेवून सावकाश घरी आले.

नणंद पडवीत शेंगा सोलत होती. माझे हात बघून तिने विचारलं, "पीठ?"

"गडग्यावर आहे. घाटीत."

"विसरलात?"

"नाही. ठेवून आले. दुखायला लागलं. गोळी घ्यावी लागली."

नवरा आतून आला. माझ्याकडे बघितलं. घाबरला असावा, चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता खुर्ची देईल, डॉक्टरला फोन करेल.

"फोन करायचास मग," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "उघड्यावर ठेवलंयस? गुरं तोंड घालतील. थांब, मी घेऊन येतो आधी."

त्याने बूट घातले आणि तो पीठ आणायला गेला. कंबर धरलेली होती ती सुटली असावी.

मी आत जाऊन डोंबिवलीला फोन लावला, नणंदेच्या सुनेला. तिला सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, "मामी, दुखणं थांबलं असलं तरी कार्डिओग्राम काढून घ्या. आजच. आत्ता निघा." मी कपाटातून फाइल घेतली आणि फोन करून रिक्षा बोलावली. नणंद म्हणाली, "दादाला येऊ द्या की." मी म्हटलं, "तुमच्या पिठाला येऊ द्या."

रिक्षा घाटीतूनच खाली उतरली. समोरून नवरा चढून येत होता, पिशवी खांद्यावर, तोंड लाल. मला रिक्षात बघून तो थांबला आणि त्याने हात वर केला. रिक्षावाला आमच्या ओळखीचा. त्याने आरशातून बघत विचारलं, "बाई, थांबवू?"

"नको," मी म्हटलं.

कार्डिओग्राममध्ये नवीन काही निघालं नाही. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला फोन केला, एका गोळीचं प्रमाण वाढवलं, रक्त तपासलं आणि मला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. ओझं घेऊन चढ कोणी चढायला सांगितला, असं ते रागावून विचारत होते. मी म्हटलं, "कोणी नाही. मी निघालेच होते." नवरा तोवर येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा होता. 

घरी आल्यावर मी दोघांनाही पडवीत बसवलं.

"उद्यापासून मी चालायला जाईन तेव्हा मला कोणी काही आणायला सांगायचं नाही. काडेपेटीसुद्धा नाही. आणि स्वयंपाकाला बाई लावायची. मी बघितलीय."

"म्हणजे आम्ही तुमच्यावर ओझं टाकलं असं म्हणताय?" नणंद म्हणाली.

"हो. टाकलंत."

ती रडली. मुलाला फोन केला, उद्याच्या गाडीचं बघ म्हणाली. आम्ही काय खायला आलो होतो का इथे, असं भिंतीला विचारलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. सुनेने गाडीवर जाऊन उतरवून घेतलं असणार, आणि पुढे त्या मुलीला काय काय ऐकावं लागलं असेल याची मला कल्पना आहे. तिचा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. सासूबद्दल आम्ही बोलत नाही.

नवरा म्हणाला, "माझ्या बहिणीला घालवलीस तू." मग त्याने अबोला धरला. जेवायला वाढायला येणाऱ्या बाईशी बोलायचा, मांजराशी बोलायचा, माझ्याशी नाही. त्याला वाटलं असेल मी नमेन. पूर्वी नमायचे. पण या खेपेला मला त्या अबोल्याचा त्रास झाला नाही. उलट सकाळी निघताना कोणी मागून हाक मारत नव्हतं, ती शांतता मला मानवली.

मी चालत राहिले. मुलाने बूट पाठवले, ते घालून. हळूहळू अंतर वाढलं. पॅलेसच्या पुढे, कड्यावरून खाली खाडी दिसते तिथपर्यंत, मग तिथून एक फेरी आणखी. तिथला वारा मला आवडतो असं काही मी म्हणणार नाही. वारा खारट असतो आणि डोळ्यांत धूळ जाते. सकाळी तिथे व्यायामाला येणारी मंडळी एकमेकांना सल्ले देत असतात, लसूण खा, अर्जुनाची साल उकळा. माझी हकीकत कळल्यापासून एक जण मला रोज दुधी भोपळ्याच्या रसाचं महत्त्व सांगायचा. शेवटी मी त्याला म्हटलं, "तुम्हाला आलाय का अटॅक? नाही ना? मग मला सांगू नका." तेव्हापासून तो लांबूनच नमस्कार करतो. कुठे निघालात म्हणून कोणी विचारलं तर मी "कुठेच नाही" म्हणते आणि थांबत नाही. आळीत माझं नाव खराब झालंय. बाई आजारातून उठल्यापासून तोंडाळ झाली, असं म्हणतात. म्हणू देत. मी चढ चढायला लागले, बोलत बोलत चढू शकते, एवढं मला पुरतं.

पावसाळा संपल्यावर कोल्हापूरला तपासणी झाली. यंत्रावर चालवून बघितलं. डॉक्टर खूश होते. जिना चढताना नवऱ्याला लागलेली धाप त्यांच्या कानावर गेली असावी, कारण त्यांनी त्यालाच खुर्चीवर बसवलं आणि बी.पी. बघितलं. मग भुवया आक्रसून पुन्हा बघितलं. गोळ्या नियमित घेता का, वजन किती वाढलंय, साखर कधी तपासली. नवरा शाळेतल्या पोरासारखी उत्तरं देत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्हीही रोज चालायला लागा. बाईंना विचारा कसं ते."

परत येताना साखरपा गेलं. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उद्यापासून मीही येतो तुझ्याबरोबर."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"मी सकाळी जाते. तुम्ही संध्याकाळी जा."

"एकत्र गेलो तर काय बिघडतं? डॉक्टरांनी तुला दाखवायला सांगितलंय."

"दाखवते ना. घरी सांगते कसं चालायचं ते. बरोबर येणार नाही."

"लोक काय म्हणतील? नवरा-बायको वेगवेगळे फिरतात म्हणून?"

 त्याने दोनदा विचारलं. हातखंबा आलं, चालकाने गाडी डावीकडे घेतली. तो मान फिरवून बसला. तो म्हातारा दिसत होता, आणि मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. कदाचित पुढे कधी येईल. त्या दिवशी मी मनात शोधून बघितलं आणि नव्हती.

आता तो संध्याकाळी जातो. ऊन उतरलं की निघतो, कधी कुरकुरत, कधी निमूट. कसं चालायचं ते मी सांगितलंय आणि त्याच्या खिशात गोळ्यांचं पाकीट, चिठ्ठीवर मुलाचा नंबर हेही ठेवलंय. तेवढं मी करते. तो गेला की स्वयंपाकाची बाई यायला अवकाश असतो. घरात कोणी नसतं. मी पडवीच्या पायरीवर बसते, पाय सोडून. कोणी काही मागत नाही. समोरच्या आगरातल्या माडांवर उजेड असतो तोवर मी तिथेच असते, आणि तो परत येईपर्यंत आत जाऊन दिवाही लावत नाही.